‘आम्ही’ म्हणावं की ‘आपण’?

मराठीची एक गंमत आहे. ‘आम्ही जेवायला चाललो’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’ ही दोन वाक्यं व्याकरणाच्या पुस्तकात शेजारी शेजारी बसतात, पण ऐकणाऱ्याच्या पोटाला दोन्हींतला फरक लगेच कळतो. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहिला. ‘आपण’ म्हटलं की त्याचंही ताट मांडलं गेलं. इंग्रजीचं काम एकाच शब्दात भागतं. आपल्याला मात्र तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, की समोरच्याला आत घ्यायचं की उंबऱ्याबाहेर ठेवायचं. आणि मराठी बोलणारा लहान मूलही यात सहसा चुकत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली कॉलेजाकॉलेजांतून ऐकू येणारे तीन शब्द: विविधता, समावेशकता आणि आपलेपणा. त्यांची पोस्टरं लागतात, घोषवाक्य स्पर्धा होतात, वेगवेगळ्या प्रांतांचे पोशाख घालून फोटो निघतात. यात वाईट काही नाही. पण वर्षातून एक दिवस ‘विविधतेत एकता’ म्हणायचं आणि बाकीचे दिवस वर्गातल्या शेवटच्या बाकाला ‘चिंकी लोकांचा बाक’ म्हणायचं, ही आपली तऱ्हा झालीय. माझं म्हणणं साधं आहे. वंशभेदाविरुद्धचं काम हा साजरा करायचा दिवस नाही. ते बसमध्ये, भाड्याच्या खोलीत, वर्गात आणि आपल्या या मंडळात ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ आणण्याचं काम आहे. ते रोजचं आहे आणि थोडं अडचणीचंही आहे.

पहिली अडचण अशी, की वंशभेद आपल्याकडे आहे हेच आपल्याला पटत नाही. वंशभेद म्हणजे अमेरिका, दक्षिण आफ्रिका, गांधीजींना आगगाडीतून उतरवलं तो प्रसंग. म्हणजे गोऱ्यांनी करायचा आणि आपण सोसायचा. शाळेत आपण एवढंच शिकलो. पण आपल्या बार्देशातलीच गोष्ट घ्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा इथं एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला त्याचं शव महामार्गावर ठेवून रस्ता अडवला. मारामारी झाली, धरपकड झाली. रस्ता अडवणं चूक की बरोबर, त्या खुनामागं काय होतं, यावर वाद घालता येईल. पण त्यानंतरच्या दिवसांत बोलणं त्या खुनाबद्दल राहिलंच नाही, ते एका सबंध देशाच्या माणसांबद्दल सुरू झालं. सरकारातल्या एका मंत्र्यांनी नायजेरियन लोकांना ‘कॅन्सर’ म्हटलं. ‘ह्यांना घरं देऊ नका’ असा सूर निघाला. ज्याचा खून झाला त्याच्याबद्दल हळहळ मात्र फार थोड्यांनी व्यक्त केली.

असं फक्त गोव्यातच झालं असंही नाही. २०१६ च्या सुरुवातीला बेंगळुरूमध्ये एका सुदानी माणसाच्या गाडीनं अपघात झाला, त्यात एक बाई दगावली. थोड्या वेळानं त्याच रस्त्यानं टांझानियाची एक विद्यार्थिनी आली. तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता. जमावानं तिला गाडीतून ओढून मारहाण केली. सुदान आणि टांझानिया हे दोन वेगळे देश आहेत, भाषा वेगळ्या, माणसं वेगळी. जमावाला दिसला तो फक्त रंग. वंशभेदाची व्याख्या पुस्तकात शोधायची गरज नाही, ती या एका घटनेत आहे: एकानं केलेल्याचा जाब दुसऱ्याला विचारायचा, आणि तो का, तर दोघं आपल्याला सारखेच दिसतात म्हणून. कोणा मराठी माणसानं पुण्यात गुन्हा केला म्हणून इंदूरच्या मराठी कुटुंबाला कोणी धरून मारलं, तर आपल्याला ते किती वेडेपणाचं वाटेल!

ईशान्येकडच्या आपल्याच देशबांधवांचंही तेच. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली, त्यावरून भांडण झालं, त्याला मारहाण झाली आणि तो मेला. मग केंद्र सरकारनं एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं त्याच वर्षी अहवाल दिला. कायदा कडक करा, पोलिसांना समज द्या, वकिलांची मदत मिळू द्या आणि शाळा-कॉलेजांत ईशान्येचा इतिहास शिकवा, अशा तिच्या शिफारशी होत्या. शेवटची शिफारस आपल्या कामाची आहे. मणिपूर, मिझोरम, मेघालय यांच्या राजधान्या सांगा म्हटलं, तर आपल्यातले किती जण न अडखळता सांगतील? ज्यांचं गाव नकाशावर कुठं आहे हे आपल्याला माहीत नाही, त्यांना आपण ‘तुम्ही चीनचे का?’ विचारतो. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा याच चेहऱ्यांना रस्त्यात ‘करोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. शेवटी केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवून हे थांबवायला सांगावं लागलं.

आता कोणी म्हणेल, गोंयकार असे नाहीत, आम्ही पाहुण्यांना जीव लावतो. खरं आहे. गोव्याच्या फुटबॉलचीच आठवण काढा. धेंपोकडून खेळणारा रांती मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली हे दोघेही नायजेरियाचे. फातोर्ड्याच्या मैदानात त्यांनी गोल केले की आमच्या वाड्यावरची म्हातारी माणसंसुद्धा टीव्हीसमोर उठून उभी राहायची. पण गोल करणाऱ्या पायांवर प्रेम करणं सोपं असतं. त्याच देशाचा, त्याच रंगाचा, पण फुटबॉल न खेळणारा साधा माणूस म्हापशात खोली शोधत आला की ‘रिकामी नाही’ असं सांगितलं जातं, आणि संध्याकाळी तीच खोली दुसऱ्या कोणाला मिळते. कौतुक हे आपलेपण नव्हे. कौतुकाला काहीतरी करून दाखवावं लागतं, आपलेपणाला काहीच करून दाखवावं लागत नाही.

आफ्रिकेचा आणि गोव्याचा संबंध आजचा नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत आलेल्या युरोपीय प्रवाशांनी जुन्या गोव्याच्या बाजारात माणसं विकली जाताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यात मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसंही होती. पोर्तुगालनं आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी कायद्यानं रद्द केली ती थेट १८६९ मध्ये. त्याआधी जे पळू शकले, ते घाट चढून जंगलात गेले. त्यांचे वंशज असलेले सिद्दी आज उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, अंकोला, जोयडा या भागांत आणि धारवाड-बेळगावच्या काही गावांत राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. घरी ते कोकणीचीच एक बोली बोलतात, तिच्यात मराठी-कन्नड मिसळलेली असते.

माझ्याबरोबर हायर सेकंडरीला यल्लापूरकडची एक सिद्दी मुलगी होती. तिची कोकणी माझ्यापेक्षा सरस. मी पेडण्याची, घरात मराठी वाचणारी, कोकणीत अधूनमधून अडखळणारी. तरी बसमध्ये कंडक्टर माझ्याशी कोकणीत बोलायचा आणि तिच्याशी मोडक्या इंग्रजीत. ती शांतपणे म्हणायची, ‘एक म्हापशें दी’, आणि अख्खी बस मागं वळून बघायची. एकदा मी तिला विचारलं, ‘तुला राग येत नाही?’ ती म्हणाली, ‘राग रोज रोज परवडत नाही गे.’ चारशे वर्षं ज्यांचे पूर्वज याच मातीत आहेत, त्यांना अजून ‘कुठली गे तू?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. आणि एका उत्तरावर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. ‘यल्लापूरची’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘नाही, पण मूळची कुठली?’

सिद्दींची गोष्ट आणखी एका कारणासाठी समजून घ्यायला हवी. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलामुलींना निवडून धावण्याचं, उड्या मारण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. हेतू चांगला होता. काही मुलांनी नाव काढलं, काहींना त्यातून नोकऱ्या मिळाल्या. पण त्यामागचा विचार बघा: हे आफ्रिकी वंशाचे आहेत, म्हणजे धावणारच. मुलांना काय आवडतं, त्यातल्या कोणाला डॉक्टर किंवा शिक्षक व्हायचंय का, हा प्रश्न आधी कोणाला पडला नाही. पुढं काही वर्षांनी ती योजना बंद पडली आणि अनेक मुलं अर्ध्या वाटेवर राहिली. म्हणजे वंशभेद नेहमी शिवीच्याच रूपात येतो असं नाही, तो शाबासकीच्या रूपातही येतो. ‘ईशान्येची मुलं गिटार छान वाजवतात’, ‘आफ्रिकन लोकांच्या अंगातच ताल असतो’, ही वाक्यं गोड वाटतात. पण ती माणसाला त्याच्या चेहऱ्यावरून काम वाटून देतात. आपल्या देशात चेहऱ्यावरून नाही तरी आडनावावरून काम वाटून देण्याची सवय जुनी आहे, म्हणून आपल्याला त्यात काही खटकत नाही.

सिद्दींना जे खरोखर मिळालं ते कौतुकातून मिळालं नाही. त्यांनी संघटना बांधल्या, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले, त्या समाजातले पहिले आमदार. गुजरातमध्ये गीरजवळच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी बायकांना बचतीच्या आणि शिक्षणाच्या वाटेवर आणलं, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती आता परदेशातल्या प्रदर्शनांतही जाते. समाजाला उभं करण्याचं काम समाजच करतो. बाहेरच्यांनी करायचं ते एवढंच, की वाट अडवून बसू नये, आणि हाक आली तर जावं.

आता उलट बाजू. गोव्यातले किती लोक आफ्रिकेत गेले! मोझांबिक, केनिया, युगांडा, टांझानिया. बार्देश-साष्टीतल्या कितीतरी घरांची कौलं आफ्रिकेच्या पगारावर चढली. तिकडं ते कारकून होते, शिंपी होते, शिक्षक होते. काही तिथलेच झाले. गोमंतकीय कुटुंबात नैरोबीला जन्मलेला पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला आणि १९६५ मध्ये त्याची हत्या झाली. गोव्याचे वडील आणि मासाई आई यांचा मुलगा जोसेफ मुरुंबी १९६६ मध्ये केनियाचा उपाध्यक्ष झाला. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न केनियानं त्याच्या वाटेत आडवा टाकला नाही. आणि १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्यांत गोंयकारही होते. बॅग भरून विमानतळावर उभं राहण्याचा अनुभव आपल्यातल्या काहींच्या आजी-आजोबांचा आहे. म्हणजे ‘भायले’ म्हणवून घेणं काय असतं आणि ‘आपले’ म्हणवून घेणं काय असतं, हे दोन्ही आपल्या घरात माहीत आहे. फक्त दार उघडणाऱ्याच्या बाजूला आपण असलो की ते विसरतो.

आपण मराठीचे विद्यार्थी आहोत, म्हणून थोडं मराठीकडेही बघू. मराठी वाचणाऱ्या मुलाला सिद्दी कोण आठवतो? पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचे सिद्दी. दोन्ही शत्रू. पण त्याच पन्हाळ्याच्या वेढ्यात, १६६० मध्ये, शिवाजी महाराजांच्या बाजूनं सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह लढत होते, हे पाठ्यपुस्तकातून किती जणांच्या ध्यानात राहतं? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, जमीन महसुलाची घडी बसवली, गनिमी काव्यानं मोगलांना जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. इतका मोठा माणूस आपल्या इतिहासात असूनही ‘हबशी’ हा शब्द आपल्या तोंडी शिवी म्हणूनच येतो. हबशी म्हणजे हबसाणातला, अॅबिसिनियाचा माणूस. एका देशाच्या नावाची आपण शिवी केली.

रंगाचं तर काय सांगावं! विठ्ठल सावळा, कृष्ण सावळा, त्यांच्या सावळेपणावर आपण जीव ओवाळून टाकतो. पण घरात सून आणायची म्हटली की ‘गोरीपान’ पाहिजे. ‘रंगानं काळी, पण नाकीडोळी नीटस’ या वाक्यातला ‘पण’ काय सांगतो याचा विचार करा. देव्हाऱ्यात काळा रंग चालतो, फोटोत चालत नाही. ज्या समाजात आपल्याच मुलींना या ‘पण’चा मार बसतो, त्या समाजात बाहेरून आलेल्या काळ्या माणसाला काय वाट्याला येणार?

पण मराठीत दुसरीही एक परंपरा आहे, आणि तिचा अभिमान धरावा अशी ती आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसलेला एक माणूस समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या बेड्या आणि इथल्या शूद्रातिशूद्रांच्या बेड्या एकाच नजरेनं बघत होता. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, कारण तिथल्या निग्रो समाजाची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती त्यांना मिळतीजुळती दिसत होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. जनार्दन वाघमाऱ्यांसारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठी वाचकाला ओळखीचं करून दिलं. तेव्हा वंशभेदविरोध हे परदेशातून आलेलं फॅड आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका दाखवावी. ती दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

आता काही आक्षेप. मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की ते निघतातच.

‘आधी जातिभेद तर संपवा, मग वंशभेदाचं बघू.’ याला उत्तर फुल्यांनीच देऊन ठेवलंय. दोन्ही बेड्या एकाच लोहाराच्या आहेत. एकीवर घाव घातला की दुसरीही हलते. शिवाय ‘आधी ते, मग हे’ म्हणणारे बहुतेक वेळा ‘ते’ही करत नाहीत.

‘पण त्यांच्यातले काही अमली पदार्थांचा धंदा करतात.’ करत असतील त्यांना पोलिसांनी पकडावं, कोर्टानं शिक्षा द्यावी. त्या धंद्यात भारतीयही पकडले जातात, गोंयकारही पकडले जातात. म्हणून कोणी आपल्या वर्गातल्या बार्देशच्या मुलाची बॅग तपासत नाही. गुन्हा माणसाचा असतो, वंशाचा नसतो.

‘आम्हालाही घाटी म्हणतातच की. आम्ही कुठं तक्रार करतो?’ हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात खरं दुखणं आहे. गोव्यात ‘घाटी’ हा शब्द घाटावरून आलेल्या मजुरासाठी, बेळगावच्या भाजीवाल्यासाठी, कधी कधी मराठी वाचणाऱ्या आपल्यासाठीही वापरला जातो. तो लागतो. बेळगावच्या मित्रमैत्रिणींना तर आपल्याच गावात आपल्या भाषेचा बोर्ड लावताना काय होतं ते ठाऊक आहे. पण आपल्याला जो शब्द लागला, त्यातून दोनच गोष्टी शिकता येतात. एक, की तसाच शब्द आपल्याहून दुबळ्या माणसाला फेकून मारावा. दुसरी, की असा शब्द किती लागतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तो आपल्यापाशी थांबावा. सासूनं छळलेल्या सुनेनं पुढं कशी सासू व्हायचं, हे तिच्याच हातात असतं.

‘हे मराठीचं मंडळ आहे, इथं नागालँडच्या मुलाचं काय काम?’ हाही प्रश्न आला होता. त्यावर मी फादर थॉमस स्टीफन्सची आठवण करून देईन. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघालं. आज मराठी साहित्याचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. त्याला ‘तू मूळचा कुठला?’ विचारून दारातून परत पाठवलं असतं, तर नुकसान मराठीचं झालं असतं. अर्थात, मराठी आली तरच आपला, असं मला म्हणायचं नाही. भाषा हे दार आहे, तिचा टोलनाका करू नये. पण ज्याला शिकायची आहे त्याला शिकवायला आपण तयार आहोत का?

मला वाटतं, आपल्या सगळ्या कार्यक्रमांची खोट एका गोष्टीत आहे. आपण बाहेरून आलेल्यांना पाहुणा करतो. पाहुण्याला पाट मिळतो, पहिला वाढा मिळतो, निघताना नारळ मिळतो. पण पाहुण्याला कोणी ‘जरा पाणी भर’ म्हणत नाही, आणि घरात काय शिजवायचं हेही विचारत नाही. घरच्याला काम मिळतं, रागावणं मिळतं, आणि निर्णयात वाटा मिळतो. मणिपूरच्या मुलींना दर स्नेहसंमेलनात ‘तुमचा डान्स बसवा’ म्हणणं हा पाहुणचार झाला. त्यांच्यातल्या एकीला खजिनदार करणं म्हणजे घरात घेणं.

म्हणून मंडळापुढं पाच सूचना ठेवते. खर्च जवळजवळ नाही, कष्ट थोडे आहेत.

एक, शब्द. चिंकी, कालू, हबशी, निग्रो, घाटी हे शब्द मंडळाच्या बैठकीत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि नाटकाच्या संहितेत येणार नाहीत. ‘गंमत केली’ ही सबब चालणार नाही. गंमत दोघांना वाटली पाहिजे. तोंडाला काळं फासून हसवायची स्किट बंद. आणि मित्र असं बोलला तर त्याला मित्रानंच सांगायचं, एकट्याला गाठून, त्याच दिवशी. ज्याला लागलं त्याच्यावर समजावून सांगायचंही ओझं टाकायचं नाही.

दोन, नियम. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. रंग, वंश, जात, धर्म, राष्ट्रीयत्व, प्रदेश, भाषा यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ आता रॅगिंगच आहे. म्हणजे टोपणनावानं रोज छळणं हा खेळ नाही, कारवाईचा विषय आहे. हे बहुतेकांना ठाऊकच नाही. तो नियम मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून वसतिगृहाच्या आणि कॅन्टीनच्या फलकावर लावावा, खाली तक्रार कोणाकडे करायची तेही लिहावं. भाषांतर आपण करू, साहित्य मंडळ आहोत.

तीन, बोलती भाषा. दर शनिवारी एक तास, दहा शनिवार. बसमध्ये, मासळीबाजारात, बँकेत, दवाखान्यात लागणारी कोकणी आणि मराठी. शिकवणारे आपण. आणि शेवटची दहा मिनिटं उलटी: ते शिकवतील, आपण शिकू. मिझो किंवा स्वाहिलीत ‘जेवलास का?’ कसं विचारतात, एवढं आलं तरी पुष्कळ.

चार, साहित्य. या वर्षीचा एक कार्यक्रम ‘गुलामगिरी’पासून दलित पँथरपर्यंत, आणि तिथून अमेरिकेतल्या व आफ्रिकेतल्या लेखकांपर्यंत. यल्लापूर-हल्याळच्या सिद्दी कलाकारांना बोलवावं, पण फक्त दमाम वाजवायला नाही. बोलायलाही. आणि मानधन देऊन. आपला नाच फुकट दाखवणं हे कोणाच्याही नशिबी लिहिलेलं नाही.

पाच, आणि ही अवघड आहे: खोली. आपल्यातल्या अनेकांच्या घरी खोल्या भाड्यानं दिल्या जातात. पपा-मम्मीशी, आई-बाबांशी हे बोलायचं आपणच. ‘काळ्यांना नको’, ‘ईशान्येच्यांना नको, वास येतो’ असं घरात कोणी म्हणालं, तर गप्प बसायचं नाही. सुक्या बांगड्याचा वास आपल्या स्वयंपाकघरातून सबंध वाड्याला जातो, तेव्हा आपण कोणाची परवानगी घेतो? भाडेकरूची ओळखपत्रं बघा, करार करा, पोलिसांकडे नोंद करा, सगळं करा. जे पुण्याच्या मुलासाठी कराल, तेच लागोसच्या मुलासाठी करा. कमी नको, जास्तही नको.

या पाचांपैकी चार गोष्टी मंडळ ठराव करून करू शकेल. पाचवीला ठराव उपयोगी नाही. ती जेवणाच्या टेबलावर, वडीलधाऱ्यांचा राग पत्करून, हळू आवाजात करायची आहे. म्हणूनच खरी कसोटी तीच आहे. मंचावर वंशभेदाविरुद्ध बोलायला टाळ्या मिळतात, घरात बोलायला ‘तू कधीपासून शहाणी झालीस?’ मिळतं.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको असं लिहिलंय. त्यातला ‘वंश’ हा शब्द आपण इतकी वर्षं परक्या देशांसाठी आहे असं समजून वाचत आलो. तो म्हापशाच्या बसस्टँडसाठीही आहे, बेळगावच्या पेठेसाठीही आहे, आणि आपल्या कॉलेजच्या शेवटच्या बाकासाठीही आहे.

पुढची बैठक होईल तेव्हा कार्यकारिणीची एक जागा रिकामी असेल. ती कोणासाठी ठेवायची, हे आपण ठरवू. ‘आम्ही’ नव्हे.